हैतीने स्वातंत्र्य लढून मिळवलं, मग त्याचे पैसे फ्रान्सला का भरले?

१८ नोव्हेंबर २०२५ ला हैतीच्या फुटबॉल टीमने निकाराग्वाला २-० हरवलं आणि १९७४ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड कप गाठला. कागदोपत्री ती हैतीची होम मॅच होती पण झाली क्युरासाओ या दुसऱ्याच बेटावर, कारण राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात आहे आणि तिथे परदेशी टीम आणणं शक्यच नाही. हैतीचं नाव बातमीत आलं की आपल्याकडे एकच प्रश्न निघतो, हा देश इतका गरीब आणि विस्कटलेला का? आणि उत्तरंही तीच मिळतात, भूकंप, चक्रीवादळं, भ्रष्ट नेते, टोळ्या. ही सगळी उत्तरं खरी आहेत पण त्यात एक मोठी गोष्ट राहून जाते, ती म्हणजे १८२५ साली फ्रान्सने या देशाला लावलेलं बिल. ज्यांना गुलाम केलं होतं त्यांनी लढून स्वतःला सोडवलं आणि वर आपल्या जुन्या मालकांना 'नुकसानभरपाई' द्यायची, असं ते बिल होतं. हैतीने ते भरलं, पिढ्यानपिढ्या भरलं.

१७ एप्रिल २०२५ ला या बिलाला २०० वर्षं झाली, तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचं एक संयुक्त कमिशन जाहीर केलं, त्यामुळे विषय परत चर्चेत आला. प्रकरण गुंतागुंतीचं वाटतं पण पायरी पायरीने बघितलं तर अजिबात अवघड नाही.

मुळात ही वसाहत एवढी श्रीमंत कशी होती?

हैती म्हणजे कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडचा साधारण एक तृतीयांश भाग, पूर्वेला डोमिनिकन रिपब्लिक. क्षेत्रफळ २७,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. १६९७ च्या तहात स्पेनने हा भाग फ्रान्सला दिला, फ्रेंच त्याला सँ-दोमँग म्हणायचे, आणि पुढच्या शंभर वर्षांत ती जगातली सगळ्यात जास्त पैसा देणारी वसाहत झाली. १७८० च्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के आणि कॉफीपैकी सुमारे ६० टक्के माल एवढ्याशा जागेतून जायचा असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बोर्दो, नाँत ही फ्रेंच बंदरं या व्यापारावर मोठी झाली.

ऊस काय असतो ते आपल्याला सांगायला नको. तोडलेला ऊस थांबत नाही, लगेच गाळावा लागतो आणि रस लगेच काहिलीत चढवावा लागतो. म्हणून हंगामात तिथले चरक रात्रंदिवस चालायचे, आणि ते चालवणारी, ऊस तोडणारी, रस उकळणारी सगळी माणसं आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम किंवा त्यांची मुलं. डुलकी लागून हात चरकात गेला तर हात तोडून माणूस सोडवायचे. १७८९ च्या आसपास तिथे सुमारे ५ लाख गुलाम होते आणि गोरे फक्त ३० हजारांच्या आसपास, जवळपास तेवढेच स्वतंत्र काळे आणि मिश्र वंशाचे लोक. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते, मळेवाल्यांना माणसं जगवण्यापेक्षा नवीन विकत घेणं स्वस्त पडायचं, म्हणून दरवर्षी हजारो नवीन माणसं जहाजातून आणली जायची.

इथे एक कायद्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १६८५ च्या फ्रेंच कायद्याने या माणसांना जंगम मालमत्ता ठरवलं होतं, म्हणजे गाडी, जनावर, भांडी यांच्या रांगेत माणूस. १८२५ मध्ये मळेवाले जेव्हा 'आमचं नुकसान झालं' म्हणाले तेव्हा त्या नुकसानात ही माणसं पण धरलेली होती.

क्रांती कोणी केली?

२२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री उत्तरेकडच्या मळ्यांना आगी लागायला सुरुवात झाली. त्याच महिन्यात आधी ब्वा काइमाँ नावाच्या जंगलात गुप्त सभा झाली होती, तिथे पुढे होते बुकमान नावाचा नेता आणि सेसील फातिमाँ नावाची पुजारीण. काही आठवड्यांत शेकडो मळे जळाले. बंड मोडत नाही म्हटल्यावर १७९३ मध्ये तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी गुलामगिरी संपल्याचं जाहीर केलं आणि ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसने तो निर्णय सगळ्या वसाहतींना लावला. म्हणजे पॅरिसला आधी पाझर फुटला आणि मग गुलाम सुटले असं नाही झालं, आधी लोक उठले आणि मग कायदा आला.

यातलं सगळ्यात मोठं नाव तूसाँ लूव्हेर्त्युर. जन्म गुलामगिरीतला, क्रांतीच्या आधीच स्वतंत्र झालेला, आणि नंतर स्पॅनिश आणि ब्रिटिश दोन्ही फौजांना मागे रेटणारा सेनापती. १८०१ मध्ये त्याने वसाहतीसाठी राज्यघटना केली आणि तिच्यात लिहिलं की इथे गुलामगिरी कायमची संपली आहे. नेपोलियनला ते चालणार नव्हतं. त्याने आपला मेव्हणा जनरल लक्लेर याला प्रचंड फौज देऊन पाठवलं, तूसाँला बोलणीच्या नावाखाली बोलावून पकडलं आणि फ्रान्सच्या थंड डोंगरातल्या एका किल्ल्यात टाकलं, तिथे तो ७ एप्रिल १८०३ ला वारला. मे १८०२ च्या फ्रेंच कायद्याने गुलामगिरी परत आणायचा रस्ता मोकळा केला होता, ती बातमी पोचल्यावर तर लोकांना मागे फिरायचा प्रश्नच उरला नाही. सानिते बेलेर ही लेफ्टनंट हुद्द्याची तरुणी याच लढ्यात पकडली गेली आणि फ्रेंचांनी तिला गोळ्या घातल्या, हैतीच्या १० गूर्दच्या नोटेवर तिचं चित्र आहे पण बाहेर तिचं नाव फार कमी लोकांना माहीत असतं. पिवळ्या तापाने फ्रेंच सैन्य झिजलं, लक्लेर स्वतः त्यात गेला, आणि १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हेर्तिएरच्या लढाईत ज्याँ-जाक देसालीनच्या सैन्याने उरलेल्या फौजेला हरवलं. १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य जाहीर झालं आणि देशाला हैती हे मूळ ताइनो रहिवाशांनी बेटाला दिलेलं नाव परत दिलं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं, त्यामुळे तो लढा मराठी वाचकाला आधीपासून ओळखीचा आहे. पण अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ ला, ब्रिटिश साम्राज्यातला कायदा १८३३ चा, आणि हैतीत ती त्याच्याही कितीतरी आधी संपलेली होती, तीही गुलाम केलेल्या माणसांनी स्वतः संपवलेली. जगाच्या इतिहासात गुलामांच्या उठावातून उभं राहिलेलं आणि टिकलेलं असं राष्ट्र हे एकच. आपल्या शाळेच्या पुस्तकात अमेरिकन आणि फ्रेंच क्रांती होती, ही तिसरी नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं.

स्वतंत्र झाल्यावर कोणाची 'मान्यता' कशाला लागते?

मान्यता म्हणजे दुसऱ्या देशांनी अधिकृतपणे म्हणणं की हो, तुम्ही देश आहात, तुमच्याशी करार करू, तुमची जहाजं आमच्या बंदरात येऊ देत. ती नसेल तर व्यापार चोरट्यासारखा करावा लागतो, कर्ज मिळत नाही, आणि जुना मालक कधीही सैन्य घेऊन येईल आणि म्हणेल की हा आमचाच प्रांत आहे. आजूबाजूला सगळीकडे गुलामगिरी चालू होती, जमैकात, क्युबात, अमेरिकेच्या दक्षिण भागात, आणि तिथल्या मालकांना भीती होती की हैतीची बातमी आपल्या मळ्यांपर्यंत पोचली तर काय होईल. १८०६ मध्ये अमेरिकेने हैतीशी व्यापार बंद केला आणि मान्यता द्यायला १८६२ साल उजाडलं, लिंकन अध्यक्ष असताना.

अशा स्थितीत हैतीने बाहेर मदत पण केली. १८१५-१६ मध्ये हरून आलेल्या सिमोन बोलिव्हारला अध्यक्ष पेत्याँने आसरा, बंदुका आणि जहाजं दिली, अट एकच घातली की जिथे जिंकशील तिथे गुलामांना सोडव. दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यात हैतीचा हा वाटा आहे, तरी १८२६ मध्ये बोलिव्हारच्या पुढाकाराने पनामात नव्या अमेरिकन देशांची परिषद भरली तेव्हा हैतीला बोलावणं नव्हतं.

स्वतंत्र हैतीचा पहिला राज्यकर्ता देसालीन याची १८०६ मध्ये हत्या झाल्यावर देशाचे दोन तुकडे झाले, उत्तरेत आंरी क्रिस्तोफचं राज्य आणि दक्षिणेत पेत्याँचं प्रजासत्ताक. १८१४ मध्ये नेपोलियन पडला, फ्रान्समध्ये परत राजे आले, आणि त्यांची माणसं हैतीत येऊन चाचपणी करायला लागली. तेव्हा पेत्याँने मळेवाल्यांना काही रक्कम देऊन मान्यता घ्यायची तयारी दाखवली, क्रिस्तोफने मात्र साफ नकार दिला. क्रिस्तोफचा सेक्रेटरी होता बॅरन द वास्ते, बाप फ्रेंच आणि आई मिश्र वंशाची. या वास्तेने १८१४ मध्येच मळेवाल्यांची नावं घेऊन त्यांनी केलेले छळ छापले आणि वसाहत ही एक पूर्ण व्यवस्थाच आहे, चार वाईट माणसांचा दोष नाही, हे मांडलं. ज्याचं आयुष्य चोरलं त्यानेच चोराला भरपाई द्यायची हा उलटा हिशोब आहे, हा विचार आज जगभर चाललेल्या चर्चेच्या मुळाशी आहे, आणि त्या दिशेने इतक्या आधी, इतक्या स्पष्टपणे लिहिणारा हा माणूस. १८२० मध्ये क्रिस्तोफचं राज्य कोसळलं तेव्हा वास्तेलाही मारून टाकलं, आणि पुढची कितीतरी वर्षं तो विस्मरणात गेला.

१८२५: राजाचा हुकूम आणि बंदरातल्या तोफा

क्रिस्तोफ गेल्यावर ज्याँ-पिएर ब्वाये पूर्ण हैतीचा अध्यक्ष झाला. १७ एप्रिल १८२५ ला फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने एक हुकूम काढला. त्यात देशाचं नाव हैती नव्हतंच, 'सँ-दोमँगचा फ्रेंच भाग' असं लिहिलेलं होतं. हुकूम असा, की तिथल्या रहिवाशांनी जुन्या मळेवाल्यांसाठी १५ कोटी फ्रँक पाच समान वार्षिक हप्त्यांत भरावेत, फ्रेंच मालावर जकात अर्धीच घ्यावी, आणि या अटींवर आम्ही त्यांना स्वातंत्र्य देतो. जे त्यांनी २१ वर्षांपूर्वी घेतलेलं होतं ते.

जुलैमध्ये फ्रेंच नौदलाचा अधिकारी बॅरन द मकाऊ तो हुकूम घेऊन पोर्ट-ओ-प्रिन्सला आला आणि पाठोपाठ युद्धनौका, सगळ्या मिळून १४ जहाजं आणि ५०० हून जास्त तोफा. ब्वायेने ११ जुलैला मान्य केलं.

१५ कोटी म्हणजे किती ते असं बघा. १८०३ मध्ये फ्रान्सने लुइझियाना हा उत्तर अमेरिकेतला अवाढव्य प्रदेश, हैतीच्या सुमारे ७५ पट मोठा, अमेरिकेला विकला तो ८ कोटी फ्रँकला. म्हणजे हैतीच्या लोकांकडे स्वतःच्याच छोट्या देशासाठी त्याच्या जवळपास दुप्पट मागितले.

दुहेरी कर्ज म्हणजे काय?

पहिला हप्ता होता ३ कोटी फ्रँकचा, ३१ डिसेंबर १८२५ पर्यंत, आणि हैती सरकारचं त्या वर्षाचं उत्पन्न जेमतेम ५० लाखांच्या आसपास, म्हणजे हप्ता उत्पन्नाच्या सहापट. हे भरता येणार नाही हे समोरच्याला माहीतच होतं. म्हणून कर्ज घ्यायचं ठरलं, आणि तेही पॅरिसच्याच बँकर्सकडून. भरपाई हे एक कर्ज आणि भरपाई भरायला काढलेलं लोन हे दुसरं, इतिहासकार याला दुहेरी कर्ज म्हणतात.

आपल्याकडे खेड्यातला सावकार कागदावर दहा हजार लिहून घेतो आणि हातात आठ हजार टेकवतो, व्याज मात्र दहाचं लावतो, हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. हैतीने ३ कोटींचे कर्जरोखे लिहून दिले, हातात आले २ कोटी ४० लाख, ६० लाख आधीच कापले गेले. व्याज ६ टक्के, तेही पूर्ण ३ कोटींवर, म्हणजे वर्षाला १८ लाख, म्हणजे सरकारच्या उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग नुसत्या व्याजात. आणि हप्ता तर ३ कोटींचा होता, मग कमी पडलेले पैसे भरायला तिजोरी रिकामी केली, नाणी पेट्यांत भरून पॅरिसला पाठवली. एवढं करून फक्त पाचातला एक हप्ता झाला.

पुढचा हप्ता अर्थातच भरता आला नाही. बरीच वर्षं ओढाताण झाल्यावर १८३८ मध्ये नवीन तह झाला, उरलेली रक्कम ६ कोटींवर आणली, ती ३० वर्षांत भरायची, आणि फ्रान्सने शेवटी बिनशर्त मान्यता दिली. एकूण आकडा १५ वरून ९ कोटींवर आला, पण तोही त्या देशाच्या ऐपतीच्या फार पलीकडचा होता आणि लोन वेगळंच चालू होतं.

पैसे शेवटी कोणी भरले?

कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने. क्रांतीनंतर लोकांनी मोठे मळे नाकारून डोंगरात स्वतःची छोटी छोटी जमीन कसायला घेतली होती, थोडं खाण्यापुरतं आणि थोडी कॉफी. सरकारला उत्पन्न मिळायचं ते मुख्यतः बंदरातल्या जकातीतून आणि कॉफीच्या निर्यातीवरच्या करातून, आणि हा कर व्यापारी शेतकऱ्याच्या भावातून वळता करायचे. १८२६ मध्ये ब्वायेने ग्रामीण कायदा आणला, शेतकऱ्याने मळा सोडून जायचं नाही, परवानगीशिवाय फिरायचं नाही, कारण हप्ते भरायला निर्यात वाढवायची होती. ज्या लोकांनी गुलामगिरी मोडली त्यांना त्यांच्याच सरकारने फ्रान्सच्या हप्त्यापायी परत मळ्याला बांधायचा प्रयत्न केला, या सगळ्या प्रकरणातली ही बाजू मला सर्वात जास्त छळते. लोकांनी तो कायदा फारसा पाळला नाही, पण शाळा, रस्ते, दवाखाने यासाठी जे पैसे लागायचे ते मात्र हप्त्यात जात राहिले.

नंतर जुनं फेडायला नवीन कर्ज असं चक्र सुरू झालं, १८७४, १८७५, १८९६, सगळं फ्रान्सकडून. १८८० मध्ये हैतीची 'नॅशनल बँक' निघाली, तिचा कारभार मात्र पॅरिसमधून चालायचा, मालक फ्रेंच बँक, आणि हैती सरकारने स्वतःचेच पैसे भरले किंवा काढले तरी बँकेला कमिशन. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये जुनी कागदपत्रं काढून याचा हिशोब मांडला, त्यात १९११ सालचा आकडा आहे, कॉफीच्या करातून आलेल्या दर ३ डॉलरमधले २ डॉलर ५३ सेंट फ्रेंच गुंतवणूकदारांच्या कर्जात जात होते.

मग अमेरिका आली. १७ डिसेंबर १९१४ ला अमेरिकन मरीन सैनिकांनी हैतीच्या बँकेतून ५ लाख डॉलरचं सोनं उचललं आणि युद्धनौकेने न्यूयॉर्कच्या बँकेत नेऊन ठेवलं. १९१५ ते १९३४ अमेरिकेने देशच ताब्यात ठेवला, शेतकऱ्यांना पकडून रस्त्यांच्या कामावर वेठीला लावलं, आणि जुनी फ्रेंच कर्जं फेडायला १९२२ मध्ये अमेरिकन कर्ज घ्यायला लावलं. या साखळीतलं शेवटचं कर्ज फिटलं १९४७ ला, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या वर्षी.

पण सही तर हैतीनेच केली होती ना?

केली होती, आणि पेत्याँने आधी रक्कम द्यायची तयारी दाखवली होती हेही खरं, ते लपवायची गरज नाही. पण ठरवून, दोन बाजूंनी बसून काढलेला आकडा वेगळा आणि तोफा लावून सांगितलेला आकडा वेगळा. ब्वायेला युद्धाची भीती होती, वीस वर्षं देश युद्धाच्या तयारीतच जगत होता, आणि मान्यता मिळाली की व्यापार सुरळीत होईल अशी आशा पण होती. हैतीतल्या लोकांनी त्याला याबद्दल माफ केलं नाही आणि १८४३ मध्ये त्याला देश सोडून पळावं लागलं.

क्रांतीत गोऱ्यांची कत्तल झाली, त्याचं काय?

१८०४ च्या सुरुवातीला देसालीनच्या हुकमाने उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांना मारलं गेलं, हजारोंनी, त्यात बायका-मुलंही होती. ते भयंकर होतं आणि तसंच सांगायला पाहिजे. पण १८२५ चं बिल त्या मृत्यूंबद्दल नव्हतंच. भरपाई वाटताना फ्रेंच कमिशनने हिशोब केला तो मळ्यांचा, क्रांतीच्या आधी मळ्याची किंमत किती होती त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी रक्कम, आणि मळ्याची किंमत ठरायची तिथे राबणाऱ्या माणसांवरून. माणसं काढली तर त्या जमिनीला कवडीची किंमत नव्हती. म्हणून मी म्हणतो की हैतीने जमिनीचे नाही, माणसांचे पैसे भरले.

त्या काळी सगळीकडे मालकांनाच पैसे मिळायचे ना?

बरोबर, आणि त्यातूनच फरक दिसतो. ब्रिटनने १८३३ च्या कायद्यात मालकांना २ कोटी पाउंड दिले, गुलामांना काहीच नाही. पण ते पैसे ब्रिटिश सरकारने दिले, कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा शेवटचा भाग २०१५ मध्ये फिटला. म्हणजे लंडन, बर्मिंगहॅममध्ये नोकरी करणाऱ्या मराठी लोकांच्या टॅक्समधूनही त्याचा अंश गेला. फ्रान्सने १८४८ मध्ये आपल्या उरलेल्या वसाहतीत गुलामगिरी संपवली तेव्हाही मालकांना पैसे फ्रान्स सरकारनेच दिले. हैतीत मात्र सुटलेल्या माणसांनी स्वतः, आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी भरले. आणि 'दोनशे वर्षांपूर्वीचं आता कशाला' असं जे म्हणतात त्यांनी २०१५ चं ते साल बघावं, घेणेकरी मालक होते तेव्हा हिशोब १८२ वर्षं चालू ठेवता आला.

शेजारचा डोमिनिकन रिपब्लिक मग कसा पुढे गेला?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याला सरळ उत्तर दिलं पाहिजे. १८२२ ते १८४४ पूर्ण बेट हैतीच्या ताब्यात होतं, ब्वायेने भरपाईसाठी पूर्वेकडच्या लोकांवरही कर लावले, तिथे असंतोष वाढायला हे एक कारण झालं आणि १८४४ ला ते वेगळे झाले, फ्रान्सचं ओझं हैतीकडेच राहिलं. पण १९६० च्या आसपास दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न जवळपास सारखं होतं, तफावत वाढली ती त्यानंतर, जेव्हा हैतीत दुवालिए बाप-लेकांची हुकूमशाही होती, १९५७ ते १९८६, खून, लूट, शिकलेले लोक देश सोडून गेले. म्हणजे सगळा दोष १८२५ वर टाकता येत नाही. १८२५ ने काय केलं, तर देश उभा करायच्या पहिल्या शंभर वर्षांत भांडवलच जमू दिलं नाही आणि सरकारला लोकांकडून घेणारी आणि लोकांना काही न देणारी यंत्रणा बनवून ठेवलं, दुवालिएला ती यंत्रणा आयती मिळाली. न्यूयॉर्क टाइम्सच्या हिशोबात हैतीने भरलेली रक्कम आजच्या भावात सुमारे ५६ कोटी डॉलर येते, आणि ती देशातच राहिली असती तर आतापर्यंत किमान २१ अब्ज डॉलरची भर पडली असती, काही गृहीतकं धरली तर ११५ अब्जांपर्यंत.

'यांना राज्यच करता आलं नाही' हा आक्षेप तर १९ व्या शतकापासून आहे, वंशाची पातळी वगैरे शास्त्राच्या नावाखाली. त्याला तेव्हाच उत्तर देणारा हैतीचाच वकील होता अँतेनोर फिर्मँ. पॅरिसच्या मानववंशशास्त्र सोसायटीत तो सभासद होता, तिथे कवट्या मोजून काळा माणूस कमी ठरवणाऱ्यांच्या मध्ये बसायचा, आणि १८८५ मध्ये त्याने सगळे वंश समान आहेत हे पुराव्यांनिशी मांडणारं सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक लिहिलं. पुढे परराष्ट्रमंत्री असताना १८९१ मध्ये अमेरिकेने हैतीचं एक बंदर नौदलासाठी मागितलं तेव्हा त्याने नकार दिला, समोर अमेरिकेचा राजदूत म्हणून बसले होते फ्रेडरिक डग्लस, जे स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले. १९०० मध्ये लंडनच्या पहिल्या पॅन-आफ्रिकन परिषदेलाही फिर्मँ होता. मानववंशशास्त्र शिकणाऱ्यांना कितीतरी वर्षं हे नाव सांगितलंच गेलं नाही.

आता नेमकी मागणी काय आहे, आणि पैसे कोणाला द्यायचे?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला पाहिजेत. गुलामगिरीच्या एकूण अन्यायाची भरपाई, ज्याला रेपरेशन्स म्हणतात, ती मागणी कॅरिबियन देशांच्या कॅरिकॉम संघटनेने २०१३ पासून लावून धरली आहे, त्यांच्या दहा मुद्द्यांत माफी, आरोग्य, शिक्षण, कर्जमाफी असं बरंच आहे. हैतीची मागणी त्याहून साधी आहे, आमच्याकडून घेतलेली ठरावीक रक्कम परत करा. हुकूम आहे, तह आहे, पावत्या आहेत. अध्यक्ष आरिस्तीद यांनी ७ एप्रिल २००३ ला, तूसाँच्या मृत्यूला २०० वर्षं झाली त्या दिवशी, आकडाच सांगितला, २१ अब्ज ६८ कोटी डॉलरच्या वर. फ्रान्सने मागणी फेटाळली, फेब्रुवारी २००४ मध्ये आरिस्तीद सत्तेवरून गेले आणि नंतरच्या सरकारने मागणी सोडून दिली. २०१५ मध्ये अध्यक्ष ओलांद हैतीचं देणं फेडू असं बोलले, पण लगेच खुलासा आला की ते नैतिक देण्याबद्दल होतं.

आज हैतीत निवडून आलेलं सरकार नाही, अध्यक्ष मोईज यांची जुलै २०२१ मध्ये हत्या झाली, टोळ्यांचं राज्य आहे, मग पैसे दिले तर टोळ्यांकडेच जातील ही भीती खोटी नाही. पण देणं मान्य करणं आणि ते कसं, कधी, कोणामार्फत द्यायचं हे ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, दुसरं अवघड आहे म्हणून पहिलं टाळता येत नाही. शाळा, पाणी, दवाखाने यासाठी वेगळा निधी करता येतो, हैतीच्या लोकांचा त्यात शब्द असेल अशी रचना करता येते. मॅक्रॉन यांनी २०२५ मध्ये १८२५ चा अन्याय मान्य केला पण पैसे परत करण्याबद्दल काहीच बोलले नाहीत, कमिशनला फक्त अभ्यास करून शिफारशी करायच्या आहेत. अभ्यासाला कागद कमी पडणार नाहीत, कारण कोणत्या मळ्याबद्दल कोणाला किती फ्रँक दिले याच्या याद्या फ्रान्स सरकारने १८२८ पासून स्वतःच सहा खंडांत छापून ठेवल्या आहेत.